तोंडाचा पट्टा

रागाच्या भरात ऐकवायच्या लांबलचक बोलण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. पण खरडपट्टी वरच्याने खालच्याची काढायची. साहेबाशिवाय ती निघत नाही. शिव्यांची लाखोली देवाला बेल वाहावा तशी सावकाश वाहायची. बिनहुद्द्याच्या माणसाला परवडतो तो तोंडाचा पट्टा.

हे नाव ठेवणाऱ्याने दांडपट्टा जवळून पाहिला असणार. पातं लांब, लवलवतं. मुठीवर कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण. हात आत गेला की मनगट वळत नाही, फिरतो तो खांद्यापासून सगळा हात. एकट्याने घोळक्यातून वाट काढायचं हे हत्यार. 2024 साली सरकारने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तोंडाच्या पट्ट्याला अजून दिलेला नाही. तो बहुतेक वेळा सरकारवरच फिरतो, म्हणून असेल.

आमच्या टोकावडे गावात त्याचा हंगाम मिरगाला सुरू होतो. भाताची रोपं बोटभर वर आली की शेजारच्या कोंबड्या त्यांत शिरतात आणि आमच्या आळीतल्या एक आजी पदर खोचून बांधावर येतात. "कोनाच्या गं ह्या कोंबड्या?" हे निव्वळ मंगलाचरण. कोणाच्या, ते अख्ख्या आळीला ठाऊक असतं. तिथून पट्टा कोंबड्यांच्या मालकिणीवर, मग तिच्या सासूवर, सासूने नेऊन परत न केलेल्या पायलीवर, मग माळशेजात दरड आली की अडकणाऱ्या एसटीवर. आजी दम घेतात तो फक्त पानाची पिंक टाकायला. शेवटी पाळी येते धरणांची. भातसा, तानसा, वैतरणा सगळी शेजारच्या शहापुरात. पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. हे कलम काही विनोदी नाही. कोंबड्या केवळ निमित्त; खरी तक्रार नोंदवायला आजींना दुसरी खिडकी कुठे आहे?

रोममध्ये सिसेरोने अँटनीवर चौदा भाषणांचा पट्टा चालवला. अँटनीच्या माणसांनी त्याचं डोकं उतरवलं आणि ते भाषणं ठोकायच्याच चौथऱ्यावर मांडलं गेलं. आमच्याकडे कोंबड्यांची मालकीण नुसतं दार लावून घेते.

सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांनी तर याचा सणच केला आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. ओढा मधे ठेवला, हे फार शहाणपणाचं.

आमच्या आळीत ओढा नाही. तेव्हा पावसाळ्यात टोकावड्याला आलात तर बांधापासून चार हात लांब राहा, मधे तोंड घालू नका, आणि कोंबड्यांवर हसून निघून जाऊ नका. धरणांपर्यंत थांबा, पायलीचं मला माहीत नाही, पण तिथे आजींचा शब्द न् शब्द खरा असतो.