मावशींच्या अज्ञात भागीदारास अनावृत पत्र

माननीय भागीदार यांस,
स. न. वि. वि.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी दिल्लीत भंगाराचा घाऊक व्यापार करतात, ही आनंदाची बातमी आम्हाला आयकर खात्याच्या नोटिशीतून कळली. मावशी दिल्लीला कधी गेलेल्या नाहीत. गेल्या असत्या तर खाडा पडला असता आणि तो आमच्या लक्षात आला असता. पण फर्म आहे. फर्मच्या नावात देव आहे, देवापुढे 'ट्रेडर्स' आहे आणि वर्षाची उलाढाल पावणेदोन कोटींची आहे. एवढी भरभराट आपण मावशींकडून एक पैसाही न मागता करून दिलीत. त्यांच्या सख्ख्या दिरानं कधी एवढं केलं नाही.

आपलं कसबही वाखाणण्यासारखं. कर्ज मिळवून देतो म्हणत वस्तीत एक गोडबोल्या आला, पॅन आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन गेला, फोनवर आलेला ओटीपीही विचारून घेतला. कर्ज काही आलं नाही, निघाला तो जीएसटी क्रमांक. पंधरा अक्षरी, सुरुवातीला दिल्लीचे ०७, त्यापुढे मावशींचा पॅन जसाच्या तसा. मग आपण किलोभर लोखंडही न हलवता बिलं फाडलीत. भंगारावर जीएसटी १८ टक्के. म्हणजे एक कोटीच्या खोट्या बिलावर ते घेणाऱ्याला १८ लाखांचं इनपुट टॅक्स क्रेडिट, आपल्याला त्यातलं कमिशन. आणि सरकारचा कर कोणी भरायचा? मालकिणीनं. मालकीण तेव्हा आमच्या ओट्याशी कणीक तिंबत होती.

एका गोष्टीसाठी मात्र आपल्याला वाकून नमस्कार. अर्जात मोबाइल आणि ईमेल आपण स्वतःचा दिलात. त्यामुळे जीएसटीवाल्यांची सगळी पत्रं आपल्याकडे आली आणि उत्तर दिलं नाही हा ठपका मावशींवर आला.

सरकारी यंत्रणेनंही आपला पाहुणचार नीट केला. २०२३ मध्ये दोन महिने आणि २०२४ मध्ये पुन्हा दोन महिने बनावट नोंदण्या शोधायची देशव्यापी मोहीम झाली. आपली फर्म दोन्हींतून सुखरूप सुटली, अभिनंदन. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, असं मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं सांगितलं होतं. दोनच दिवसांत ते निवेदन मागे घेतलं गेलं आणि लोकांनी 'नेहमीची खबरदारी' घ्यावी असं ठरलं. तेव्हापासून सिमकार्डवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळे नेहमीच्या खबरदारीनं झेरॉक्स मागतात आणि आम्ही नेहमीच्या खबरदारीनं देतो.

हे सगळं एक वेळ गिळलं असतं. पण मावशींना घेऊन करसल्लागाराकडे गेलो, तेव्हा त्यानं विचारलं, "हा धंदा तुमचा नाही, याला पुरावा काय?" मावशींनी टेबलावर पिशवी उपडी केली. केशरी रेशनकार्ड, बचत गटाचं पासबुक, लाइट बिल, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. एकेक कागद त्याच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "बघा साहेब, यात दिल्ली कुठंय?" साहेब कागद बघत राहिला. न केलेल्या धंद्याची पावती कुठल्या दुकानात मिळते? मग मावशींनी मला हळूच विचारलं, "ताई, माझे दीड हजार बंद होतील का?" लाडक्या बहिणीला अट आहे, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आणि ही बहीण तर कागदावर कोट्यधीश!

अरे मेल्या, तुला दुसरं कोणी मिळालं नाही? एखाद्या आमदाराच्या पॅनवर फाडायचीस बिलं! आठवड्यात तुझ्या दारात पोलीस उभे राहिले असते. मावशींच्या दारात पोस्टमन आला, तोही दीड-दोन वर्षांनी. हे तुला चांगलं ठाऊक होतं. ज्या बाईला ईमेल नाही, सीए नाही, इंग्रजी नोटीस वाचून दाखवायला घरात माणूस नाही, अशीच तू वेचून काढलीस. तिच्या नावावर चोरी केलीस आणि चोर नसल्याचं सिद्ध करायचं कामही तिलाच दिलंस.

सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायला गेलो, तेव्हा एक हवालदार म्हणाले की झेरॉक्स गोळा करणाऱ्या पोरांना एका संचामागे काही शे रुपये मिळतात, शेठ कधी समोर येत नाही. तू त्या पोरांपैकी असशील, तर तुझ्यासाठी दोन शब्द. तुझ्याही पॅनची प्रत त्या शेठकडे आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये 'सर्च बाय पॅन' आहे, लॉगिन लागत नाही. एकदा स्वतःचा नंबर टाकून बघ. खोट्या बिलांतून पाच कोटींच्या वर कर बुडवला, तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र. शेठ तुझ्यासाठी वकील देईल असं वाटतं का? पिशवी उपडी करायची वेळ आली, तर आमच्याकडे ये. मावशी चहा देतील. त्यांचा स्वभाव तसा आहे, माझा नाही.

तूर्त आयकर खात्याला उत्तर गेलं आहे. जीएसटी कार्यालयाकडे शपथपत्र आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडून नोंदणी रद्द करायचा अर्ज केला आहे. करसल्लागाराची फी मावशी हप्त्यानं देणार म्हणतात, ऐकत नाहीत. त्याचं बिल तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू?

कळावे,
मावशींची ताई

ता. क. (वाचकांसाठी) : वर सांगितलेला पॅनचा शोध आज स्वतःसाठी घ्या आणि उद्या तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंसाठीही. आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा. तुमचा नसलेला व्यवहार दिसला तर तिथेच 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' किंवा 'माहिती अमान्य' असा अभिप्राय नोंदवता येतो. नोटिशीची वाट बघू नका, ती भागीदाराच्या ईमेलवर गेलेली असू शकते.