मुखपृष्ठावरची जागा

वेबसाइट म्हणजे नक्की काय हे आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. पण तिच्या मुखपृष्ठावर कोणाचा फोटो हवा याबद्दल कोणालाच शंका नव्हती. शंका नव्हती म्हणजे एकमत होतं असं मात्र नाही. अध्यक्षांच्या मनात अध्यक्षांचा होता, संस्थापकांच्या नातवाच्या मनात संस्थापकांचा. ज्यांच्या देणगीतून हे सगळं होणार होतं, त्या गृहस्थांनी तर काहीच सुचवलं नाही. चेकला फक्त पासपोर्ट साइजचे दोन फोटो टाचून पाठवले.

मला समितीत घेतलं, कारण माझा भाचा पुण्यात 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. त्यानं फोनवर सांगितलं, "मामा, रंगाचं नंतर बघू. आधी काय काय टाकायचं आणि कशाखाली काय येणार, ते कागदावर उतरवा."

कागदावर उतरवण्यात आमची कार्यकारिणी कुणाला ऐकत नाही. एका बैठकीत मेनू तयार झाला: आमच्याविषयी, संस्थापक, विद्यमान पदाधिकारी, माजी पदाधिकारी, आजीव सभासद, देणगीदार, मान्यवरांच्या भेटी, मान्यवरांचे अभिप्राय, क्षणचित्रे, इतर. पुस्तकं कुठे, असं मी विचारलं. कार्यवाह म्हणाले, "म्हणजे काय? 'इतर'मध्ये!" वर सरकती पट्टी, खाली 'आपण अमुकावे पाहुणे आहात' असा आकडा, आणि उघडताक्षणी सनईचे सूर. सनई खजिनदारांनी अडवली, पण खर्चाच्या कारणावरून.

1991 साली टिम बर्नर्स-ली यांची जी पहिली वेबसाइट जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून जगापुढे आली, तिच्या पहिल्या पानावर एकही चित्र नव्हतं. नुसती लिंकांची यादी. कुठे काय मिळेल ते सर्वांत आधी, त्याखाली मदत, आणखी खाली ग्रंथसूची, तिच्याखाली माणसं आणि माणसांच्याही खाली इतिहास. वाचनालयाला याहून चांगला दाखला कोणता द्यायचा? मी तो बैठकीत दिला. 'परदेशात इतिहासाला किंमत नसते' असं एका विश्वस्तांचं मत इतिवृत्तात नोंदवलं गेलं आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

शेवटी भाच्यानंच युक्ती सांगितली. त्यांच्या धंद्यात तिला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. एकेका कार्डावर एकेक विषय लिहायचा, साइट वापरणाऱ्या लोकांपुढे ती कार्डं टाकायची आणि म्हणायचं, तुम्हाला पटतील तसे गठ्ठे करा, गठ्ठ्यांना नावं द्या. आता वाचनालयाला कार्डांचा काय तोटा! संगणक आल्यापासून ग्रंथतालिकेचे लाकडी खण कोपऱ्यात धूळ खात होते. कार्डाच्या खालच्या कडेला भोक आणि सगळ्यांमधून आरपार गेलेली सळई. ती ओढून काढताना खण असा काही करकरला, की वर्तमानपत्र वाचणाऱ्या सगळ्यांनी माना वर केल्या. पुढच्या बाजूला 891.46, म्हणजे ड्युईच्या वर्गीकरणातला मराठी साहित्याचा पत्ता, आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात 'अनामत परत कधी मिळते?'

देवघेवीच्या टेबलाशी मी हा डाव मांडला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी तीन गठ्ठे केले: 'काय आहे', 'किती पैसे', 'कधी उघडं'. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीनं 'अभ्यासिका' एवढं एकच कार्ड उचललं आणि बाकीची परत केली. "हे मला लागत नाही, काका." एका आजींनी 'दिवाळी अंक' वेगळा काढून पर्सखाली दाबून ठेवला, आपल्या आधी कोणी नेऊ नये म्हणून असावा. पदाधिकारी, अभिप्राय, मनोगत ही कार्डं मात्र सगळ्यांकडून शिल्लक राहत होती. एका आजोबांनी तेवढ्यांचा नीट गठ्ठा केला आणि त्याला नाव दिलं, 'भिंतीवर लावायचं'.

रँडल मन्रो यांच्या एक्सकेसीडी या मालिकेत 2010 साली याच दुखण्यावर एक व्यंगचित्र आलं होतं. दोन वर्तुळं. एकात विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर जे असतं ते, दुसऱ्यात लोक जे शोधायला येतात ते. दोन्हींत सामाईक एकच गोष्ट: संस्थेचं पूर्ण नाव. आमचं तेही जुळेना. आमचं पूर्ण नाव लेटरहेडवर दोन ओळी घेतं. गाव नुसतं 'लायब्ररी' म्हणतं.

ग्रंथपालबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्यांना बैठकीला बोलावलेलंच नव्हतं. त्या फक्त चहाचं सांगायला आत आल्या होत्या. येताना फोनशेजारची वही घेऊन आल्या. आज चालू आहे का? वर्गणी किती? अमुक पुस्तक आत आहे का? घरबसल्या मुदत वाढवून मिळेल का? अभ्यासिकेत जागा आहे का? "सर, दिवसभर मी एवढंच सांगत असते. हे आधी घाला." डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. त्यांच्या तसबिरीला आम्ही दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, हार घालतो. नियम मात्र त्या वहीत होता.

अध्यक्षांच्या फोटोचा प्रश्नही बाईंनीच सोडवला. "घेऊ या ना मुखपृष्ठावर. खाली साहेबांचा मोबाइल नंबर आणि 'पुस्तक न मिळाल्यास यांना फोन करावा' एवढी ओळ टाकू." फोटो त्याच दिवशी 'संस्था' या पानावर गेला. त्याखालचं मनोगत जुन्या अहवालातून आणलं, तर ते युनिकोडच्या आधीच्या फाँटातलं निघालं. पडद्यावर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं उमटली. आठवडाभर ते तसंच होतं. कोणाचीही तक्रार आली नाही, अध्यक्षांचीसुद्धा नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या संस्थेत असा बेत शिजत असेल, तर समिती जरूर नेमा, पण फोन उचलणाऱ्या माणसाची वही आधी मागून घ्या. आणि हो, आमची लायब्ररी सोमवारी बंद असते. वेबसाइटवर अगदी वरच लिहिलंय. तरी तुम्ही फोन करालच.