वेडेपणाचे गुणगान

लांबट पावात मांस, चीज आणि भाजी भरून जे खातात, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात, असे विचारत देशभर हिंडणे हे शहाण्याचे काम नव्हे. म्हणूनच ते करणाऱ्यांचे गुणगान केले पाहिजे.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले फ्रेडरिक कॅसिडी यांनी १९६५ ते १९७० या काळात अमेरिकेतल्या १,००२ गावांत आणि वस्त्यांत माणसे पाठवली. ‘वर्ड वॅगन’ म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांतच ती राहत आणि रहिवाशांना सोळाशेहून अधिक प्रश्न विचारत. त्या एका सँडविचला न्यूयॉर्कमध्ये हीरो, फिलाडेल्फियात होगी, न्यू इंग्लंडात ग्राइंडर आणि न्यू ऑर्लीन्सला पो-बॉय म्हणतात. सगळीकडे ‘सब’ म्हटले तर पोट भरेलच. पण पो-बॉय म्हणजे ‘गरीब पोर’, आणि १९२९च्या संपातल्या ट्रामकामगारांना मार्टिन बंधूंनी फुकट खाऊ घातले त्यावरून हे नाव पडले, असे तिथली माणसे सांगतात. नाव पुसले की संपाची आठवणही गेली.

या खटाटोपातून प्रादेशिक अमेरिकन इंग्रजीचा कोश झाला. पहिला खंड १९८५ साली निघाला, पाचवा २०१२ साली. कॅसिडी २००० सालीच वारले होते. आपल्या हयातीत पुरे होणार नाही असे काम अंगावर घेणे हा वेडेपणा, पण कोश अशाच वेडाने होतात.

आणि फायदाच हवा असेल तर तोही आहे. रस्ता आणि पदपथ यांमधल्या गवताच्या पट्टीला ‘डेव्हिल स्ट्रिप’ म्हणतात ते ओहायोतल्या ॲक्रनच्या आसपास. एका अपहरणाच्या खंडणीपत्रात हा शब्द दिसताच भाषावैज्ञानिक रॉजर शाय यांनी पोलिसांना विचारले, संशयितांत ॲक्रनचा कुणी आहे काय? होता.

आपल्याकडेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे. मुलाला मालवणीत झील म्हणतात, वऱ्हाडात पोट्टा. प्रमाण ‘मुलगा’ सर्वांना कळतो, तरी आजी नातवाला हाक मारते ती तिच्या बोलीत. ती हाक टिपायला वही घेऊन दारोदार जाणारे वेडे आपल्याला आणखी पुष्कळ हवेत, आणि त्यांचा पगार वेळेवर देणारे शहाणेही.