बघण्यासारखं काही नाही

पुलगावात बघण्यासारखं काय आहे, असं पाहुण्यानं विचारलं की पुलगावकर जरासा खाकरतो आणि म्हणतो, "वर्धा जवळच आहे ना भाऊ." खरंच आहे ते. तिकडे सेवाग्राम आहे, पवनारला विनोबांचा आश्रम आहे. पुलगावातलं सगळ्यांत मोठं आणि नावाजलेलं ठिकाण म्हणजे लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार. ते बघायला गेलात तर फाटकावरचा जवान तुम्हालाच बघत राहतो. वर्धा नदी आहे, पण पलीकडे लगेच अमरावती जिल्हा लागतो, म्हणजे तीही निम्मीच आपली. तरी माझं म्हणणं असं, की गाव सोडून गेलेल्या माणसाला गावाचे उपकार आठवायचे असतील तर गाव असंच हवं. प्रेक्षणीय स्थळ नसणं ही पुलगावनं आपल्या लेकरांवर केलेली मेहेरबानी आहे.

ज्याच्या गावात किल्ला असतो त्याच्या आठवणींत किल्लाच ठाण मांडून बसतो. येईल त्या पाहुण्याला तो दाखवता दाखवता घरचं स्वयंपाकघर कसं होतं हे आठवायला फुरसत मिळत नाही. पुलगावकराला ही सोय नाही. हिंजवडीत नाहीतर न्यू जर्सीत बसलेल्या पुलगावकराला गावाबद्दल बोलतं करा. तो थेट आलुबोंड्यावर ओतलेल्या तर्रीवर येतो, तिथून सांबारवडीवर, आणि मग कूलरवर. कूलर म्हणजे खिडकीला लावलेला पत्र्याचा अवाढव्य डबा. मार्च सरता सरता तो अडगळीतून बाहेर निघतो, तीन बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, पहिलं पाणी झिरपलं की घरभर ओला वास सुटतो आणि उन्हाळा अधिकृतपणे सुरू होतो. पत्र्याला ओला हात लागला की झटका बसतो, हा त्याचा स्वभाव. दुपारी दोनला टाकीतलं पाणी संपून पंप खरखरू लागला की बादली कोण ओतणार हा प्रश्न उभा राहतो आणि घरातली समस्त भावंडं एकाच क्षणी गाढ झोपी जातात. रात्री गच्ची. संध्याकाळीच तिच्यावर पाणी मारून वाफ काढून टाकायची, मग गाद्या. पंचेचाळीस अंशांचा दिवस सोसल्यावर पहाटे कुठूनशी गार झुळूक येते आणि पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावीशी वाटते. तेवढ्या एका चादरीचं वर्णन पुलगावकर अर्धा तास करू शकतो.

हा निव्वळ गावाभिमान आहे असं वाटत असेल तर थोडा अमेरिकेचा दाखला देतो. तिकडचा दाखला असला की आपल्याकडे लवकर पटतं. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेली २२ माणसं गाठली आणि त्याच भागातल्या, काहीच न जिंकलेल्या २२ जणांशी त्यांची तुलना केली. विजेते फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट नाश्ता, मित्राशी गप्पा असल्या रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी भरला. माणसं मोजकीच होती, त्यामुळे यावर शास्त्र उभारू नये; पण पुलगावला लॉटरी कधी लागलेली नाही आणि तिथल्या माणसाची तर्रीची चव अजून शाबूत आहे, एवढं जुळतं खरं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं सोयीस्कर विसरणं आहे. गावात कापडगिरणी होती. तिच्या भोंग्याची आठवण ज्याला गोड वाटते त्याच्या घरचा पगार त्या गिरणीवर नसणार. गिरणी बंद पडली तेव्हा कामगाराच्या घरात कुणाला काव्य सुचलं नसेल. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री भांडारात आग लागून स्फोट झाले, अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली, आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना अंधारात घरं सोडावी लागली. ती रात्रही पुलगावचीच. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याहून बारीक एक मीच जोडतो: भावंडं झोपेचं सोंग घेऊन पडली होती, तर कूलरमध्ये पाणी पडलं कसं? आई उठली म्हणून. तर्री, गच्चीवरचं पाणी, गाद्यांची नेआण, या सगळ्या हिशोबात तिचं नाव कुठेच लागत नाही, वाळ्याच्या वासाचे मात्र गोडवे गायले जातात. कृतज्ञता मानायची तर ती कूलरची मानून भागणार नाही. त्या दुपारी आईलाही झोप आलेली होती, इतकं तरी आठवायला हवं.

दुसरा आक्षेप रोकडा आहे. एवढा पुळका आहे तर परत का येत नाही? कारण पोट आहे, आणि उपकार मानायला मुक्काम लागत नाही. पण या पुळक्याचा एक धोका आहे, तो शकुंतला या लाडक्या नावाच्या रेल्वेगाडीच्या बाबतीत दिसतो. पुलगाव ते आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज १९१७ साली सुरू झाली ती मुख्यतः कापसासाठी. चालत्या गाडीतून उतरून, हातपाय मोकळे करून, पुन्हा त्याच डब्यात चढता यायचं, असं सांगणारे आजही भेटतात आणि सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. सांगणारा बहुधा पुण्यात असतो, त्याच्या दाराशी कॅब उभी असते. आर्वीच्या माणसाला मात्र पुलगावला येऊन मुंबईची गाडी धरायची असते, आणि बंद पडलेल्या रुळांचं त्याला कौतुक असण्याचं कारण नाही. तो ब्रॉडगेज मागतो. ती त्याला मिळावी, गाडी वेळेवर सुटावी, डब्यात पंखे चालावेत. आठवणी काढणाऱ्यांची रेल्वेनं काळजी करू नये. वेळेवर सुटणाऱ्या गाडीतही पुलगावचा माणूस खिडकीच्या जागेवरून "काहून बावा, सरक ना" म्हणत भांडण उकरून काढेल आणि वीस वर्षांनी हिंजवडीत बसून तेवढ्यावर भागवून घेईल.