पट्टी बांधलेले ब्रीद

मुंबई महापालिकेचे बोधचिन्ह आपण रोज पाहतो आणि कधीच वाचत नाही. कचऱ्याच्या गाडीवर ते असते, पाणीपट्टीच्या बिलावर असते. त्यात संस्कृतात ब्रीद आहे. अर्थ सोपा: धर्म असेल तिकडे जय.

साहेबाच्या काळात थाट निराळा होता. बोरीबंदरसमोरची मुख्यालयाची इमारत 1893 मध्ये पूर्ण झाली. तिच्या माथ्यावर पंख पसरून उभ्या असलेल्या बाईंचे नाव लॅटिनमध्ये, ‘हिंदुस्थानातले पहिले शहर’. लॅटिन कुणाला कळत नव्हते, म्हणून खपून गेले. आता संस्कृत आहे.

हे वचन महाभारतातले. युद्धाचे अठरा दिवस दुर्योधन रोज आईकडे विजयाचा आशीर्वाद मागायला जायचा आणि गांधारी त्याला हेच ऐकवायची. म्हणजे पालिकेने ब्रीद घेतले तेही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माउलीच्या तोंडचे. निवडणाऱ्याच्या दूरदृष्टीला दाद द्यायला हवी.

योगायोग असा की सर्वोच्च न्यायालयाचे ब्रीदही हेच. 7 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण असे करत निवडणुकांचे घोंगडे त्याच न्यायालयात भिजत पडले. दोन्ही दारांवर एकच पाटी. मुंबईकराने कुठले ठोठावायचे?

तोवर पालिका प्रशासकाच्या हाती होती आणि आयुक्त हेच प्रशासक होते. आयुक्तांनी सुचवायचे, प्रशासकांनी मंजूर करायचे, आणि चहा एकाच कपात. 2025-26 चा अर्थसंकल्प होता 74,427 कोटी रुपयांचा. सभागृहात ना गोंधळ, ना सभात्याग. इतकी शांतता गांधारीच्या महालातही नसेल.

मे 2025 मध्ये न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकायला सांगितले. मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी. महिने चारच होते, मोजणारे सरकारी होते.

मधल्या काळात, 2024 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती आली. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि तलवारीच्या जागी हातात संविधान आहे. पालिकेला मात्र अशी सोय नाही. तिच्या बोधचिन्हात गांधारीचे नुसते वाक्य आहे, गांधारी नाही. मग पट्टी काढायची कुणाच्या डोळ्यांवरून?

आपल्याच, मंडळी. प्रचारात हात जोडून ‘आशीर्वाद असू द्या’ म्हणणारे दारोदार फिरले. 227 जणांना तो मिळालाही. आता पाणीपट्टीचे बिल आले की रक्कम पाहून कपाळाला हात लावण्याआधी बोधचिन्हातले ते ब्रीद वाचा. पोटचा पोर अठरा दिवस दारात उभा राहिला, तरी गांधारीने त्याला ‘विजयी भव’ म्हटले नाही. पट्टी असूनही तिला दिसत होते.