साच्यातल्या शुभेच्छा

छापील सहीला किंमत येते ती फक्त नोटेवर. आम्हा रोहेकरांना हे जरा जास्तच ठाऊक, कारण ज्यांचं बालपण आमच्या गावात गेलं ते चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही छापलेला कागद देशभर बिनतक्रार खपला. बाकीच्यांनी हा प्रयोग करू नये. तरी दर दिवाळीला कुणी ना कुणी करतंच. वर पणती, तोरण, हाताला लागणारा सोनेरी चुरा. आत ‘ही दीपावली आपणांस व आपल्या कुटुंबीयांस सुखाची, समृद्धीची व भरभराटीची जावो’. आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून अख्ख्या घराची नावं, तीही छापील. पेनाचं टोक कागदाला कुठे लागलेलंच नाही. असं कार्ड हातात आलं की मला पाठवणाऱ्याची नव्हे, छापणाऱ्याची आठवण येते. ‘समृद्धी’चं जोडाक्षर फुटलेलं असलं तर जास्तच.

आमचा गोतावळा पेण आणि रोहा यांच्यात वाटला गेलेला. मधे कासू, नागोठणे, निडी एवढीच स्टेशनं. पिनकोडात तर दोनाचाच फरक, 402107 आणि 402109. एवढ्याशा अंतरात टपालाने शुभेच्छा पाठवणं ही खरं तर चैन. गाडीत बसून फराळाच्या डब्यासकट स्वतःच जाता येतं. म्हणून, पाठवायचंच असेल तर त्यात पाठवणाऱ्याचा हात दिसला पाहिजे, असा पेणच्या आत्याचा दंडक आहे. ती वरचं चित्र बघत नाही. कार्ड थेट उघडते आणि डावीकडच्या कोऱ्या पानावर बोट फिरवते. पेनाचं काही दिसलं तर चष्म्याची शोधाशोध सुरू होते. नाही दिसलं तर कार्ड नातवाकडे जातं, कात्रीसकट, आणि संध्याकाळी रोह्याला फोन येतो, ‘‘अरे, प्रेसवाल्याच्या शुभेच्छा मिळाल्या हो. तुमच्या निघाल्यात का तिकडून?’’

हे पेणकराला शोभणारं बोलणं आहे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्ती मांडणीवर रांगेने बसलेल्या असतात. सोंड तीच, पोट तेच, हातातला मोदकही तोच. अंगाचा रंग स्प्रेगनने उडवतात. डोळ्यांची आखणी मात्र हाताने, बारीक ब्रशने, आणि ती कुणालाही करू देत नाहीत. तोवर सगळे सारखे. आखणी झाली की गिऱ्हाईक त्याच रांगेतल्या एकावर बोट ठेवून म्हणतं, ‘हा आमचा.’ कार्डही साच्यातलंच. त्याची आखणी म्हणजे पेनाने लिहिलेली एक ओळ.

आता ओळ कसली लिहायची? माझ्या मते कसोटी एकच : ती दुसऱ्या कुठल्याही घरी पाठवता येऊ नये. छापलेल्या ‘हार्दिक शुभेच्छां’खाली हाताने पुन्हा ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिणाऱ्यांना काय म्हणावं! त्यापेक्षा ‘आत्या, उन्हाळ्यात दिलेले पोह्याचे पापड गौरीपर्यंतही टिकले नाहीत, डबा नुसता पाठवू की भरून न्यायला येऊ?’ हे लिहावं. पेणमध्ये ते बरोबर जागी पोचतं.

याच्या उलट टोकाला आमचे एक काका. ते कोऱ्या पानावर सुरुवात करतात, जागा संपली की समासातून वर चढतात, पणतीला वळसा घालतात आणि मागच्या बाजूला छापखान्याच्या नावाखाली उतरतात. गुडघा, सातबारा, शेजाऱ्याचा पत्रा, सगळं येतं. कार्ड गोल फिरवत वाचावं लागतं. शुभेच्छा द्यायच्या मात्र राहतात.

गुळगुळीत कागदावर बॉलपेन घसरतं, हेही आधी ध्यानात घ्यावं. ‘ती’ उमटतो, ‘र्थ’ उमटत नाही, मग माणूस दाबून गिरवतो आणि ‘तीर्थरूप आत्या’ पलीकडच्या पानावर ठसठशीत उलटी निघते. जेलपेन उमटतं, पण वाळायच्या आत कार्ड मिटलं की समोरच्या ‘भरभराटी’ला मिशा फुटतात.

नावांचा क्रम वयाप्रमाणे. छोट्याचं नाव आपण लिहू नये, त्यालाच गिरगटू द्यावं. मागच्या वर्षीची उरलेली कार्डं काढली आणि दरम्यान घरात सून आली असेल, तर तिचं नाव पेनाने वाढवावं लागतं. ते सगळ्यांच्या खाली, वेगळ्या शाईत आलं तर त्या शाईचा रंग जन्मभर ऐकवला जातो. भाच्याच्या कार्डावर छापलेलं ‘आपणांस’ खोडून ‘तुला’ करू नये. वर ‘प्रिय बंड्या’ लिहावं, खाली ‘आपण’ राहू द्यावं. वर्षातून एकदा बंड्याला कुणी मान दिला तर बिघडलं कुठे?

एका बाबतीत मात्र थट्टा नको. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे छापील कार्ड मुळीच धाडू नये, खाली कितीही हळवी ओळ लिहिली तरी. तिथे साधं पत्र लिहावं, नाहीतर फराळ घेऊन जावं आणि थोडा वेळ बसावं.

पुढाऱ्यांच्या कार्डांना यातलं काहीच लागू नाही. तिथे चेहरा पणतीपेक्षा मोठा आणि ‘प्रति’पुढची रेघ कोरी. ते मतदारयादीला लिहिलेलं असतं. मोबाइलवरच्या पणतीचं तर नावच नको. अनेकदा ढकललेली असल्याचं ती स्वतःहून कबूल करते. तेवढा प्रामाणिकपणा छापखान्यात नाही.

लंडनला 1843 साली हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं छापील कार्ड काढलं. चित्र जॉन हॉर्सली यांचं, किंमत एक शिलिंग. ढीगभर पत्रांना उत्तरं लिहिण्यातून सुटका हवी म्हणून निघालेल्या त्या कार्डावरही वर घेणाऱ्याच्या आणि खाली देणाऱ्याच्या नावाला कोरी जागा ठेवलेली होती. लिहिणं टाळण्यालाही मर्यादा असते, हे गृहस्थाला कळत होतं.

टपालखात्यांनी उलट लिहिण्यालाच मर्यादा घातली. पाकिटाची जीभ न चिकटवता आत खोचून, कोपऱ्यात ‘बुकपोस्ट’ लिहून आपल्याकडे कार्डं स्वस्तात जात. आणि जागतिक टपाल संघाच्या जुन्या नियमात छापील दरातल्या नाताळ-नववर्षाच्या कार्डांवर हाताने सदिच्छेचे फार तर पाच शब्द, किंवा पाच रूढ आद्याक्षरं लिहायची मुभा होती. आद्याक्षरांचं आपल्याला काय? स. न. वि. वि. लिहूनही एक शिल्लक उरतं. पण पापडाचा डबा काही पाच शब्दांत बसत नाही. तेव्हा यंदा पाकीट सरळ चिकटवा, पुरतं तिकीट लावा आणि वसुबारसेपर्यंत पोचेल अशा बेताने पेटीत टाका. भाऊबीजेनंतर आलेलं कार्ड, आत कितीही सुंदर ओळ असली तरी, आमच्याकडे पुढच्या वर्षीचं धरतात.