नालमीमांसा, अर्थात ‘हूफआयझन’चा खानदेशी खुलासा

घोड्याच्या नालेला जर्मन भाषेत ‘हूफआयझन’ म्हणतात. विग्रह सोपा आहे: हूफ म्हणजे खूर, आयझन म्हणजे लोखंड, षष्ठी तत्पुरुष. यातला हूफ वेदातल्या ‘शफ’चा सख्खा चुलतभाऊ, हे भाषाशास्त्र्यांना मान्य आहे. मात्र ‘आयझन’ ऐकताच ‘अयस्’ आठवून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी जरा दमाने घ्यावे. तो शब्द जर्मनांनी केल्ट लोकांकडून उचलला, असे बहुतेक पंडित मानतात.

आता या समासातली उणीव पाहू. खूर आला, लोखंड आले. पण ठोकणारा कुठे? आमच्याकडे अरबी ‘नाल’, म्हणजे मूळची चप्पल, फारसी ‘बंद’ला जोडून आख्खा नालबंद उभा राहतो. त्यापुढे नालबंदी, म्हणजे मोहिमेआधी शिलेदाराला मिळणारी उचल. जर्मन समासात रोख रकमेची सोयच नाही.

प्रात्यक्षिकासाठी दत्तजयंतीला सारंगखेड्याला जावे. तापीकाठचा हा घोडेबाजार 1998 मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबारात गेला. घोड्यांना ते कुणी कळवले असेल असे वाटत नाही. नालबंद घोड्याचा पाय गुडघ्यांत धरतो, खूर तासतो आणि खिळा असा तिरका ठोकतो की टोक खुराच्या बाहेरच्या अंगाने निघावे. मग ते मुरगळून मोडायचे नि उरलेले वाकवून बसवायचे. इथवर हूफआयझन निर्दोष.

शंका उपस्थित होते ती जळगावकडे कापसाची गाडी ओढणाऱ्या बैलापाशी. त्याचा खूर दुभंगलेला. घोड्याचा हूफ आणि गुराचा ‘क्लाउअ’ हा भेद खुद्द जर्मनच करतात, त्यामुळे समास बैलाला लागूच पडत नाही. शिवाय बैलाला दर पायाला दोन पत्र्या, एकूण आठ, आणि त्याही त्याला दोरांनी पाडून. घोडा उभ्या-उभ्या चारांत सुटतो. खर्चाच्या दृष्टीने बैल हा दीडशहाणा नव्हे, दुप्पट प्राणी आहे.

राहिला लिंगाचा वाद. जर्मनात समासाचे लिंग शेवटच्या पदाचे, म्हणून हूफआयझन नपुंसक, प्रश्न मिटला. मराठीत ‘तो नाल’वाले आणि ‘ती नाल’वाले अजून एकमेकांना सुधारत असतात. आमचा निर्णय असा: घोड्याच्या पायात असेपर्यंत ती, शनीची पीडा टळावी म्हणून दुकानाच्या उंबऱ्यावर ठोकला, की तो. उंबऱ्याला खूर नसल्याने जर्मनांनी तिथे नुसते ‘आयझन’ म्हणावे.